मन्मथअप्पांच्या गच्चीवरचं ऊन

आमच्या गल्लीत पोथी श्रावणात लागते. मन्मथअप्पांकडे मात्र वीज आयोगाचा आदेश निघाला की पोथी लागते, मग तो मार्च महिना असो की दिवाळी.

विजेचा दर काय असावा, कंपनीनं कुणाकडून किती घ्यावं, गच्चीवर सौर प्लेटा बसवणाऱ्यांचा हिशेब कसा करावा, हे ठरवणारी एक सरकारी पंचायत असते, तिला आयोग म्हणतात. सामान्य माणसाचा या आयोगाशी संबंध बिल आल्यावर डोक्याला हात लावण्यापुरताच. अप्पांचं तसं नाही. आयोगाचा आदेश निघाला की ते गंजगोलाईच्या बाजारपेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानातून तो पुरता छापून आणतात, लाल फडक्यात बांधतात आणि संध्याकाळी ओसरीत चौरंगावर ठेवून मोठ्यानं वाचतात. कपाळाला विभूती, खांद्यावर उपरणं, शेजारी पाण्याचा तांब्या. आधी इंग्रजीत वाचन आणि मग आपल्या बोलीत निरूपण. समोर समई नसते, कारण सहा वाजता उजेड असतो आणि उजेडात दिवा लावणं अप्पांना पटत नाही. अध्याय संपला की गूळ-शेंगदाण्यांचा प्रसाद.

"आज स्थिर आकाराचा अध्याय झाला," ते पुस्तक कपाळाला लावून म्हणतात. "उद्या वहन आकार. लई रसाळ हाय. चुकवू नगा."

श्रोते म्हणजे आम्ही शेजारी आणि त्यांच्या माडीवर भाड्यानं राहणाऱ्या क्लासच्या मुली. लातूरला डॉक्टर-इंजिनिअर व्हायला येणाऱ्या पोरांनी आमची गल्ली भरलेली असते. दर घरावर एक मजला, दर मजल्यावर कॉट आणि दर कॉटवर रसायनशास्त्र. या मुली दिवसभर क्लासमध्ये आमच्यासारख्या मास्तरांची बडबड ऐकून थकलेल्या असतात. वहन आकाराच्या अध्यायात त्यांना फार चांगली डुलकी लागते, असं त्या मला खाजगीत सांगतात. शेंगदाण्यांसाठी म्हणून नव्हे, झोपेसाठी येतात.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. मूळचा नांदेडचा. तिथल्याच विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअर झालो आणि नोकरी शोधता शोधता लातूरच्या क्लासमध्ये फळ्यापुढे उभा राहिलो तो अजून उभाच आहे. माझी आणि अप्पांची भिंत एक. लोक म्हणतात मी तापट आहे. त्यांनी आधी अप्पांच्या शेजारी राहून बघावं आणि मग बोलावं.

अप्पा जिल्हा कोर्टात रीडर होते. न्यायाधीशाच्या खाली बसून तारखा देण्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त झाले, पण कोर्ट काही अंगातून गेलं नाही. आजही ते डॉक्टरकडे जातात तेव्हा 'पेशी हाय' म्हणतात. आणि 'हरकत हाय' हे तर त्यांचं श्वास घेण्यासारखं. चहात आलं जास्त पडलं, हरकत हाय. दुष्काळात गल्लीत टँकर आला तेव्हा सगळे घागरी घेऊन पळत होते आणि अप्पा टँकरच्या ड्रायव्हरपुढे उभे राहून पाइप कोणत्या बाजूनं सोडायचा यावर हरकत नोंदवत होते. त्यांची हरकत निकाली निघेपर्यंत पलीकडच्या गल्लीनं पाणी भरून घेतलं. त्या दिवशी आमच्या वैशालीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्यांच्याकडे पाहून हातातली रिकामी घागर अशी आपटली की पोचा अजून आहे.

दुसरी खोड म्हणजे दुसऱ्याच्या घरातले दिवे बंद करणे. अप्पा तुमच्या घरात पाऊल ठेवतात ते बटणांकडे बघत. आमची वास्तुशांती होती. पाहुणे जमलेले, फोटोग्राफरनं सगळ्यांना ओळीत उभं केलेलं, माझी आई बऱ्याच मिनतवारीनं हसलेली. तेवढ्यात अप्पांनी प्रसाद तोंडात टाकला, भिंतीशी गेले आणि हॉलमधले सगळे दिवे फट्‌फट्‌ बंद केले.

"बारा वाजायलेत सर," ते म्हणाले. "भाईर एवढं ऊन हाय आन तुमी लाइट जाळायलाव?"

त्या फोटोत आमच्या घराण्याच्या फक्त आकृत्या आल्या आहेत.

स्वतःच्या घरात तर ते एका दिव्यावर राहतात. स्वयंपाकघरातून ओसरीत आले की स्वयंपाकघराचा बंद, ओसरीतून आत गेले की ओसरीचा बंद. मूलबाळ नाही. बायको महानंदाबाई किल्लारीच्या भूकंपात गेल्या. अप्पांचं गाव तिकडचंच, बाई गावी सासू आणि देवणी गाय सांभाळून होत्या आणि अप्पा नोकरीसाठी लातुरात, म्हणून ते वाचले. एवढं गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. याच्यापुढे अप्पा कधी बोलले नाहीत आणि आम्ही कधी विचारलं नाही.

गंमत अशी की एका दिव्यात राहणाऱ्या या माणसाच्या गच्चीवर गल्लीतल्या सगळ्यात जास्त सौर प्लेटा आहेत.

त्या गच्चीचीही एक गोष्ट जुने लोक सांगतात. भूकंपानंतर अख्खं लातूर स्लॅबला भ्यालेलं होतं. ज्यांचे स्लॅब होते तेही अंगणात पत्रे ठोकून झोपत होते. अशा दिवसांत अप्पांनी या घरावर स्लॅब टाकला. गवंड्यानंसुद्धा हात जोडले म्हणे. बाईच्या दुःखानं माणसाचं डोकं फिरलं, असं लोक म्हणाले आणि हळहळले. पुढे क्लासचं पीक आलं, लोकांची भीती गेली, गच्चीच्या अर्ध्या भागावर अप्पांनीही मुलींसाठी माडी बांधली. उरलेली अर्धी आणि माडीचं छत यावर यथावकाश प्लेटा आल्या.

रोज सकाळी अप्पा ओल्या फडक्यानं प्लेटा पुसतात. कबुतरांवर छत्री उगारतात. मात्र गच्चीचा पूर्वेचा एक चांगला ऐसपैस कोपरा त्यांनी मोकळा ठेवला आहे. प्लेटा बसवणारा माणूस काकुळतीला आला होता. "अप्पा, सगळ्यात चांगलं ऊन हितंच हाय. आनखी दोन प्लेटा आरामात बसत्याल."

"हरकत हाय," अप्पा म्हणाले आणि विषय संपला.

त्या कोपऱ्यात उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका वाळवण घालतात. अप्पा तिथे कोणालाही नाही म्हणत नाहीत. उलट कुरडया-पापडांना राखण म्हणून छत्री घेऊन बसतात. वैशालीच्या मते एवढ्या एका गुणासाठी त्यांना टँकरचा गुन्हा माफ करायला हरकत नाही. मी मात्र तेव्हा नुसता चिडायचो. एवढी वीज हा माणूस करतो कोणासाठी? मुलींच्या माडीचं मीटर वेगळं. हे स्वतः अंधारात बसणार आणि यांची वीज तारेतून कंपनीकडे जाऊन यांच्या नावावर साचत राहणार. वर्ष संपलं की उरलेली सगळी कंपनी कवडीमोलानं घेणार.

एकदा विचारलंच. तेव्हा कळलं की अप्पांचं आणखी एक मीटर आहे. पुनर्वसन झालेल्या नव्या गावात त्यांना जे घर मिळालं, तिथं. त्या घरात कोणी राहत नाही. ओट्यावर एक बल्ब आहे, तेवढाच. मला आठवलं, अंधार पडला की आपोआप लागणारं काही असतं का, असं अप्पांनी पूर्वी एकदा विचारलं होतं आणि मीच त्यांना तसलं होल्डर आणून दिलं होतं. ते कुठे लावलं हे विचारायचं राहून गेलं होतं.

"हितल्या गच्चीवरची लाइट त्या बल्बाच्या खात्यावर गेली पाहिजे," अप्पा म्हणाले. "तेवढंच मागनं हाय आपलं. नियमात बसत न्हाई म्हनत्यात. ज्या मीटरवर तयार झाली त्याच मीटरवर वापरा म्हनत्यात. म्हनून मी आयोगापुढं जायलोय."

"अहो अप्पा, त्या बल्बाचं बिल ते किती! भरून टाका."

"भरतोच की. बिलाचा प्रश्न न्हाई."

"मग?"

"तत्त्वाचा हाय."

आता तत्त्व निघालं म्हटल्यावर माझ्यातला मास्तर जागा झाला. मी त्यांना समजावलं, की विजेला पत्ता नसतो. तुमच्या गच्चीवरची वीज तारेत गेली की जवळ जो कोणी वापरत असेल तिथे संपते. ती फार तर आमच्या मिक्सरपर्यंत येईल. त्या गावापर्यंत ती पोचणार नाही, पोचली तरी ओळखू येणार नाही.

अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "कागदावर तर पोचंल ना?"

"कागदावर पोचेल."

"मग पोचू द्या कागदावर. पन्नास माणसं रोज कोर्टात येत्यात सर, जमीन हाय तिथंच असती, कागदावर हिकडची तिकडं होती. मानत्यात का न्हाई लोकं?"

मी घरी येऊन मिक्सर लावला.

अशात त्या वर्षी नव्या नियमांचा मसुदा आला. पोथी लागली. पहिल्याच अध्यायात अप्पांचा आवाज चढला. आतापर्यंत गच्चीवरून एक युनिट दिलं की बिलात एक युनिट वजा व्हायचं. आता म्हणे तुमच्या गच्चीवरची सगळी वीज कंपनी घाऊक भावानं विकत घेणार आणि तुम्हाला लागेल ती किरकोळ भावानं विकणार. मुलींची झोप उडाली. अप्पांनी फडकं बांधलं आणि शेंगदाणे वाटायचे विसरले.

दुसऱ्या दिवशी माडीवरच्या एका मुलीची आई आली. इस्लापूरच्या बाजूची, पोरीसाठी भाकरी-ठेचा घेऊन आलेली. संध्याकाळी ओसरीत चौरंग, लाल फडकं आणि विभूती लावलेले अप्पा पाहून तिनं चपला बाहेर काढल्या, पदर सावरला आणि हात जोडून बसली. अख्खा अध्याय तिनं डोळे मिटून ऐकला. ग्राहकाची व्याख्या, मीटरची जागा, भाराची मर्यादा, सगळं. शेवटी उठली, पिशवीतून नारळ काढला, मसुद्यापुढे ठेवला आणि डोकं टेकलं.

"लेकीला डाक्टर कर बाई," ती चौरंगाला म्हणाली.

मुली तोंडात ओढण्या कोंबून हसत होत्या. मी अप्पांकडे पाहिलं. माझी अपेक्षा होती की ते बाईला नीट समजावून सांगतील. पण अप्पा गंभीर झाले होते.

"ह्यो नारळ आयोगाला वाहिलाय," बाई गेल्यावर ते म्हणाले. "मी कसा ठिवून घिऊ? पोचता कराया पाहिजे."

मला वाटलं, चेष्टा करतात. पण सुनावणीला औरंगाबादला निघालो तेव्हा त्यांच्या पिशवीत मसुदा, हरकतीच्या प्रती, धपाटे आणि नारळ होता. हो, मीही निघालो होतो. 'तांत्रिक बाजू सांगायला जानकार पाहिजे' असं म्हणून त्यांनी माझं नाव परस्पर घालून टाकलं होतं. क्लासला रजा टाकून मी एसटीत बसलो आणि लातूर सुटेपर्यंत त्यांच्याशी बोललो नाही.

सुनावणी एका मोठ्या सभागृहात होती. दाराशी कागद घेणारा कारकून बसलेला. अप्पांनी हरकतीच्या प्रती दिल्या, शिक्का घेतला आणि नारळ टेबलावर ठेवला.

"हे काय?" कारकून म्हणाला.

"आयोगाला वाहिलेला नारळ. इस्लापूरकडच्या एका बाईनं वाहिला. पोच द्या."

"अहो, नारळाला पोच कशी देणार? आणि घेतला तर ती भेटवस्तू होईल. आम्हाला भेटवस्तू घ्यायला मनाई आहे."

"भेट न्हाई ती. लाच तर बिलकुल न्हाई. नवस हाय."

"नवसासाठी रकाना नाही, आजोबा."

"बरं. मग घेत न्हाई म्हनून लेखी द्या."

मागे रांग लागली होती. कारखानदारांचे वकील, हातात चामडी बॅगा, नारळाकडे बघत होते. मी दुसरीकडे पाहू लागलो, जणू मी नांदेडहून आजच पहिल्यांदा आलोय आणि या गृहस्थांना ओळखत नाही. शेवटी कारकुनानं हात जोडले तेव्हा अप्पांनी नारळ परत पिशवीत टाकला.

आत बराच वेळ मोठ्या लोकांचंच चाललं. कोणी पवनचक्कीवाला, कोणी कारखान्यासाठी दुसरीकडून वीज आणू पाहणारा. त्यांचे वकील अस्खलित इंग्रजी बोलत आणि पाणी पीत. मग अप्पांचं नाव पुकारलं. अप्पा उठले. अंगात कोर्टाच्या काळातला कोट होता, बटणं पोटावर येत नव्हती.

सुरुवात त्यांनी छापील मराठीत केली. "सन्माननीय आयोगापुढे नम्र निवेदन, की..." पण दोन वाक्यांत ते निवेदन सुटलं आणि खरे अप्पा बाहेर आले.

"साहेब, आमच्याकडं शेजारनं साखरंची वाटी आली तर रिकामी वाटी परत करत न्हाईत. काहीतरी घालून देत्यात. आजवर कंपनी आमची वाटी घ्यायची, वाटी द्यायची. चाललं होतं. आता म्हनायलेत, तुमची साखर आमी बाजारच्या गोणीच्या भावानं घिऊ आन तुमाला पुडीच्या भावानं इकू. आन वर्साच्या शेवटी तर वाटीबी ठिवून घ्यायलेत. ह्याला माझी हरकत हाय!"

सभागृह हसलं. टाळ्याही पडल्या. अध्यक्ष हसले आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. माझी मान जरा वर झाली. आपण यांच्याबरोबर आहोत हे शेजारच्या माणसाला मी सांगितलंसुद्धा.

मग अप्पांनी दुसरी मागणी मांडली. एका माणसाची दोन मीटरं असली तर एका जागची वीज दुसऱ्या जागी वजा व्हावी.

कंपनीचे वकील उठले. सभ्य माणूस. "दुसऱ्या जोडणीवर किती भार आहे?"

"एक बल्ब."

पुन्हा हशा. "एका बल्बासाठी नियम बदलायचा, असं आपलं म्हणणं आहे?"

"हाव."

अध्यक्षांनी चष्मा काढला. त्यांच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, नुसती चौकशी होती. "तुमच्या त्या घरात राहतं कोण?"

आयुष्यभर ज्यांनी प्रश्न संपायच्या आत उत्तर दिलं ते अप्पा नुसतेच उभे राहिले. कोटाच्या बटणाशी त्यांची बोटं चाळवत होती. सभागृहाला वाटलं म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. कोणीतरी माइक जवळ सरकवला.

"सध्या कोनी न्हाई, साहेब," ते हळू म्हणाले आणि वेळ शिल्लक असताना खाली बसले.

"रिकाम्या घराला सवलत," वकील अध्यक्षांना म्हणाले, "हे धोरणात बसणार नाही." आणि पुढचं नाव पुकारलं गेलं.

परतीच्या एसटीत अप्पा खिडकीशी बसले. धपाटे मी एकट्यानं खाल्ले. बीडच्या स्टँडवर चहात आलं जास्त पडलेलं होतं, तोही त्यांनी पिऊन टाकला. मला राहवेना. त्यांनी काहीतरी हरकत घ्यावी म्हणून मी मुद्दाम म्हणालो, "ड्रायव्हर फार जोरात हाकतोय, नाही का?"

अप्पा बाहेर बघत होते.

"सर," ते म्हणाले, "आमच्या हिला गच्ची पाहिजे होती."

मी त्यांच्याकडे सरकून बसलो.

"गावचं घर माळवदाचं. वर माती. कुरडया वाळत घातल्या का वाऱ्यानं माती यायची, खाताना दातात कचकच व्हायची. मला म्हनायची, लातूरला सिमेटाची गच्ची करा, मग मी येती. स्वच्छ ऊन पाहिजे म्हनायची वाळवनाला. मी म्हनायचो, करतो. आवंदा करतो, फुडच्या वर्सी करतो." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "आन मग त्येच माळवद अंगावर आलं तिच्या."

पुढच्या स्टँडवर गाडी थांबली, तशी त्यांनी खिडकी ओढून घेतली. मग म्हणाले, "गच्ची केली की मी. मागनं केली. ते ऊन तिचं हाय सर. मी त्यातलं कशाला जाळू?"

एवढी वीज हा माणूस करतो कोणासाठी, याचं उत्तर मला असं एसटीत मिळालं. लोकांच्या घरातले दिवे बंद करत फिरणाऱ्या या माणसाचा मला फार लळा आहे, हेही मला तेव्हाच कळलं. इतकी वर्षं मी त्याला चीड समजत होतो. त्यांच्या हातावर हात ठेवावा असं वाटलं, पण आमच्यात तशी रीत नव्हती. म्हणून मी वरच्या फळीवरची त्यांची पिशवी खाली घेतली आणि मांडीवर धरून बसलो. आत नारळ होता.

सुनावणीनंतर बरेच महिने काही झालं नाही. नारळ अप्पांच्या कोनाड्यात होता. तो ना खाता येत होता, ना परत करता येत होता, कारण अप्पांच्या मते प्रकरण प्रलंबित होतं. मध्ये तो सुकला, आत गोटा झाला. अप्पा रोज सकाळी तो कानाशी धरून हलवायचे आणि खुळखुळ ऐकून परत ठेवायचे. इस्लापूरची ती मुलगी परीक्षा देऊन घरी गेली, तिच्या कॉटवर दुसरी आली.

मग आदेश निघाला. चौरंग मांडला, लाल फडकं सुटलं. पहिले काही दिवस तर बरे गेले. वाटीला वाटी शाबूत राहिली होती. घाऊक-किरकोळचं खूळ निदान आमच्यासारख्या घरगुती लोकांपुरतं बाजूला पडलं होतं. अप्पा निरूपणात रंगले होते. मुली पूर्ववत डुलक्या घेत होत्या.

एका संध्याकाळी ते एका परिच्छेदापाशी अडखळले. चष्मा पुसला. परत वाचला. मग पुस्तक माझ्या हातात दिलं.

"सर, तुमी वाचा. माझ्या डोळ्याला काय झालंय बगा."

मी वाचलं. एकाच ग्राहकाच्या दोन जोडण्या एकाच कंपनीच्या हद्दीत असतील, तर एका जोडणीवर उरलेली वीज दुसऱ्या जोडणीच्या बिलात वजा करता येईल. बाकी अटी होत्याच. मी ते मोठ्यानं वाचलं, मग मराठीत सांगितलं, मग अप्पांनी सांगितलं म्हणून पुन्हा वाचलं. त्यांच्या हरकतीमुळे झालं, की कारखानदारांच्या वकिलांमुळे, की आपोआप झालं, हे आदेशात कुठं लिहिलेलं नव्हतं आणि अप्पांनी ते शोधलंही नाही.

"आज पोथी हितंच," ते म्हणाले. ओसरीत दिवा लावायची वेळ झाली होती. तो त्यांनी लावला आणि आत गेले, आणि तो चालूच राहिला. आम्ही सगळे त्या दिव्याकडे बघत बसलो. वैशालीनं उठून शेंगदाणे वाटले.

अर्ज, पाहणी, पुन्हा अर्ज असं सगळं होऊन ज्या महिन्याच्या बिलात त्या बल्बाची वीज लातूरच्या गच्चीवरून वजा झाली, त्या महिन्यात अप्पा म्हणाले, "सर, चला गावाकडं. नारळाचा निकाल लावायचाय."

नवं गाव म्हणजे सरळ रेघा मारल्यासारखे रस्ते, एकसारखी घरं, मध्ये आता बऱ्यापैकी मोठी झालेली लिंबाची झाडं. जुनं गाव पार तिकडे, रानापलीकडे राहिलं. अप्पांचं घर एका टोकाला. कुलूप काढून त्यांनी दार उघडलं. आत एक खाट, एक घागर आणि भिंतीला हार न घातलेला महानंदाबाईंचा फोटो. ओटा झाडलेला होता. शेजारची बाई झाडते म्हणाले.

आम्ही ओट्यावर बसलो. दिवस मावळत होता. गुरं परतली, कुठेतरी चुलीचा धूर निघाला. अप्पांनी दगडावर नारळ फोडला. पाणी केव्हाच आटलं होतं, आत पांढराशुभ्र गोटा निघाला. अर्धा त्यांनी पिशवीत घातला.

"ह्यो इस्लापूरच्या बाईला धाडायचा. तिचा हाय." उरलेल्या अर्ध्याचा एक तुकडा त्यांनी उंबऱ्याशी ठेवला आणि एक मला दिला. खोबरं गोड होतं.

तेवढ्यात डोक्यावरचा बल्ब लागला. आपोआप. अप्पांनी मान वर केली आणि त्याच्याकडे बघतच राहिले. बल्ब साधाच होता, त्याच्यावर किडे जमायला लागले होते.

"सर, एक खरं सांगा. तुमी फिजिक्सचे मानूस." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "ह्याच्यात आपल्या गच्चीवरचं ऊन हाय का?"

विजेला पत्ता नसतो हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलं होतं. हजारो पोरांना शिकवलं आहे.

"हाव अप्पा," मी म्हणालो. "आपल्याच गच्चीवरचं हाय. वाळवणाच्या कोपऱ्यातलं."

त्यांनी मान हलवली. हरकत घेतली नाही.

शेवटच्या गाडीची वेळ झाली. अप्पांनी दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं, आणि आम्ही रस्त्याला लागलो. कोपऱ्यावर आल्यावर मी मागे वळून पाहिलं. इतक्या वर्षांच्या शेजारानं मलाही त्यांची सवय लागली होती, तोंडातून निघून गेलं, "अप्पा, ओट्यावरची लाइट चालूच राहिली की हो!"

अप्पा थांबले. त्यांनीही मागे पाहिलं.

"राहू द्या सर," ते म्हणाले. "तिनं ह्ये नवं गाव बगितलंच न्हाई. जुन्या गावच्या अंदाजानं आली, तर वाट चुकंल."